लाकडी पेटीतल्या स्प्लिटरची कबुली

मित्रांनो, घरातले इंटरनेट मंदावले की तुम्ही रागाने कोणाकडे बघता? मोडेमकडे. तो समोर असतो, त्याचे दिवे लुकलुकत असतात, आणि समोर असणाऱ्यालाच बोलणी खावी लागतात. माझ्याकडे कोणी बघत नाही. मी एक जुना स्प्लिटर आहे. बाहेरून आलेल्या एका केबलचे तीन फाटे करून देणारा, काड्यापेटीएवढा, चार तोंडांचा धातूचा ठोकळा. कपाटांच्या मागे, जिन्याच्या कोपऱ्यात, सोफ्यांच्या खाली माझे भाऊबंद अजून पुष्कळ आहेत आणि चार-चार तोंडे असून ते सगळे मुके आहेत. मी बोलायचे ठरवले आहे, कारण माझ्या मनावर एका गोष्टीचे ओझे आहे आणि तुमच्यापुढे ते उतरवायला मला लाज वाटत नाही.

माझा जन्म एका लांबट छपराच्या कारखान्यात झाला. वितळलेला धातू साच्यात ओतला, थंड झाल्यावर मला बाहेर काढून घासले आणि वर चकचकीत मुलामा चढवला. पण माझ्या पोटात जीव घातला तो एका बाईने. ती खिडकीपाशी बसून, डोळ्याला भिंग लावून, एका छोट्या काळ्या कडीवर केसासारख्या बारीक तारेचे वेढे घालायची. एखादा वेढा चुकला तर ती सगळी तार उलगडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. शेजारीण तिला म्हणे, अगं, पोटात कोण बघायला जाणार आहे? ही हसायची आणि पुढचा वेढा घालायची. मग पाठीवर पत्रा बसला, डाख लागला आणि माझ्या तोंडांपाशी बारीक अक्षरांत शिक्के उठले. एका तोंडावर 'आत', दुसऱ्यावर साडेतीन, उरलेल्या दोन्हींवर सात.

हे आकडे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे रामायण त्यांच्यावरूनच घडले. मी काही फुकट वाटप करत नाही. केबलमधून येईल त्यातला थोडा सिग्नल मी वाटेतच गिळतो. साडेतीनच्या तोंडाशी कमी गिळतो, सातच्या तोंडाशी बराच जास्त. ज्याला भरपूर हवे त्याने साडेतीनपाशी बसावे आणि ज्याचे थोडक्यात भागते त्याने सातपाशी, इतका साधा हिशेब आहे.

कारखान्यातून मी एका दुकानात आलो आणि दुकानातून आप्पांच्या खिशात. आप्पा उंच इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करायचे. माणसांनी भरलेली खोली दोरावर वरखाली नेणारे यंत्र ज्याच्या भरवशावर चालते, तो माणूस जोडाच्या बाबतीत किती काटेकोर असेल याची कल्पना करा. कुठे ढिला स्क्रू दिसला की त्यांना जेवण गोड लागत नसे. अठरा वर्षांपूर्वी त्यांनी मला रस्त्याकडच्या खोलीत, भिंतीच्या पायथ्याशी बसवले. सातच्या दोन तोंडांना दोन टीव्ही जोडले, एक बैठकीतला आणि एक स्वयंपाकघरातला. साडेतीनचे तोंड त्यांनी मोडेमला दिले. टीव्हीला थोडे कमी पडले तरी चालते, मोडेमला चालत नाही, असे त्यांनी मुलाला समजावून सांगितले आणि मुलाने मान डोलावली. मुलगा वडिलांपुढे नेहमी मानच डोलवायचा.

मग आप्पांनी एका मोडक्या खणाच्या फळ्या कापून माझ्याभोवती छान पेटी केली. झाकणाला चार पितळी स्क्रू लावले आणि वर आपल्या वळणदार अक्षरात कागद चिकटवला: 'हात लावू नये. काही हवे असल्यास विचारावे.' जोड दिसला की माणसाचा हात शिवशिवतो आणि हात लागला की जोड सुटतो, असा त्यांचा अनुभव होता. त्यामुळे घरात कोणी पेटीला हात लावला नाही. आणि कोणी कधी विचारलेही नाही.

ती वर्षे माझ्या भरभराटीची होती. सामन्याच्या दिवशी शेजारीपाजारी बैठकीत दाटीवाटीने बसत आणि म्हणत, आप्पा, तुमच्याकडे चित्र काय स्वच्छ दिसतं हो. आप्पा वरवर म्हणायचे, त्यात काय मोठंसं. मी मात्र पेटीतल्या पेटीत फुगायचो. पुढे काळ बदलला. आधी स्वयंपाकघरातला टीव्ही गेला. त्याची केबल कोणी काढली नाही, तिचे उघडे टोक फ्रिजमागे लोंबत राहिले. मग बैठकीतलाही टीव्ही गेला, तेव्हा त्याची केबल आप्पांनी माझ्या तोंडातून काढून घेतली आणि ते तोंड तसेच आ वासून राहिले. उघड्या टोकातून गोंगाट आत शिरतो, कोणाच्या मिक्सरचा, कोणाच्या मोटारीचा. पण माझा जुना मोडेम सोशिक गडी होता. हळू बोलायचा, मिळेल तेवढ्यात भागवायचा. आम्ही दोघांनी मिळून घर चालवले, असे म्हटले तरी ती फुशारकी होणार नाही.

दरम्यान मुलाचे लग्न झाले आणि सूनबाई घरात आली. मुलगा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. सूनबाईचे काम काय, ते मला कळायला वर्ष लागले, कारण ती कामाला बसली की खोली शांत व्हायची. ज्यांना ऐकू येत नाही आणि बोलता येत नाही, अशी माणसे हातांच्या खुणांनी बोलतात. त्यांची भाषा सूनबाईला येते, कारण तिचे आईवडील दोघेही तीच भाषा बोलायचे. असा माणूस दवाखान्यात गेला की तिथल्या पडद्यावर सूनबाई दिसते. डॉक्टर तोंडाने बोलतात, ती ते खुणांनी सांगते. रुग्ण खुणांनी विचारतो, ती ते तोंडाने सांगते. माझ्या पेटीला लागूनच तिची खुर्ची होती आणि मधूनच तिचा आवाज यायचा, 'ते विचारताहेत, गोळी जेवणाआधी की नंतर?' मला त्या कामाचा अभिमान वाटायचा. आपल्या तोंडून कोणाचे तरी दुखणे डॉक्टरांपर्यंत पोचते आहे, ही काय लहान गोष्ट आहे?

यंदा इंटरनेट कंपनीचे पत्र आले की जुना मोडेम आता चालणार नाही. नवा आणला. तो तरतरीत होता, एका वेळी बत्तीस वाटांनी बोलणारा, पण खायला मात्र भरपूर लागणारा. मोडेमकडे जाणाऱ्या जुन्या केबलचे टोकही झिजले होते, म्हणून आप्पा म्हणाले, केबलही नवी टाकू, जोड मी करतो. शनिवारी दुपारी त्यांनी चार पितळी स्क्रू काढले आणि पेटीत हात घातला.

आता खरी गंमत ऐका. आप्पांची नजर कमी झाली होती. मुलाने सहा महिन्यांपूर्वी त्यांचे डोळे तपासून नवा चष्मा करून दिला होता, पण तो लावला की आपण म्हातारे दिसतो असे आप्पांचे म्हणणे, म्हणून तो टेबलाच्या खणात पडून होता. गावभर लोकांच्या डोळ्यांवर चष्मे चढवणारा मुलगा घरात एवढेही म्हणू शकला नाही की, आप्पा, चष्मा लावा. आप्पांनी साडेतीनच्या तोंडातली जुनी केबल काढली. नवी लावायच्या आधी खाली पडलेला पाना उचलायला ते वाकले, आणि परत येताना अंदाजाने ती शेजारच्या रिकाम्या तोंडाला लावली. सातच्या. पान्याने घट्ट केली, झाकण लावले, आणि हात झटकून म्हणाले, आता वीस वर्षं बघायला नको.

मित्रांनो, मी ओरडलो असतो. पण स्प्लिटरला आवाज कुठे असतो?

त्या दिवसापासून इंटरनेट मंदावले. खाली येणारे कसेबसे येत होते, पण घरातून वर जाणाऱ्याचे हाल होते. नवा मोडेम बिचारा घसा फाटेस्तोवर ओरडायचा आणि त्याचा बराचसा आवाज मीच गिळून टाकायचो. उरलेला गोंगाटात बुडायचा. चार दिवस सूनबाईने कसेबसे निभावले. बुधवारी शिंप्याची पाळी आली.

हा शिंपी दूरच्या गावातला. त्याच्या उजव्या हाताची बोटे बधिर होत चालली होती, सुई निसटून पडायची. मानेतली एक नस दाबली गेली होती आणि डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत होते. आता विचार करा, ऐकू न येणाऱ्या माणसाला हात म्हणजे नुसते पोट नव्हे, त्याची जीभही हातच. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर तीन आठवडे उजवा हात हलवायचा नाही, मग तो हळूहळू पूर्वीसारखा होईल. सूनबाईने ते सगळे खुणांनी सांगितले. पण तिकडच्या पडद्यावर तिचा हात मध्येच थिजला. शिंप्यापर्यंत पोचले ते एवढेच, की ऑपरेशन झाले की उजवा हात हलणार नाही. तो उठला, टोपी घातली आणि निघून गेला.

सूनबाईला काही कळेना. थोड्या वेळाने तिकडच्या नर्सचा फोन आला, तेव्हा खरा प्रकार उलगडला. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ खुर्चीत बसून होती. तिचा पाय माझ्या पेटीला टेकला होता. इतकी वर्षे मी त्या घरात आहे, पण तेव्हा वाटले तशी शरम मला कधी वाटली नव्हती.

तिने धडपड करून दवाखान्याकडून दुसरी वेळ मिळवली. पुढच्या गुरुवारी सकाळी अकरा. त्यापुढे उशीर झाला तर बोटे कायमची जातील, असे डॉक्टरांनी बजावले होते. शिंप्याने निरोप पाठवला की येईन, पण सांगणारी बाई तीच हवी. जिने हात जाणार म्हणून सांगितले, तिनेच समोर येऊन पुन्हा सांगावे. त्याचेही बरोबरच होते. मोबाइलच्या नेटवर दवाखान्याचे काम करायला सूनबाईच्या संस्थेची मनाई होती, आणि दुसऱ्याच्या घरी बसून कोणाच्या दुखण्याची चर्चा करणे तिला स्वतःलाच पटणारे नव्हते. म्हणजे आठ दिवसांत या घरातले इंटरनेट सुधारायला हवे, नाहीतर शिंप्याचा हात गेला.

मग सुरू झाली शोधाशोध. मोडेम बंद करून चालू केला. दहा मिनिटे बंद ठेवून चालू केला. खालून उचलून कपाटावर ठेवला, कपाटावरून खिडकीत ठेवला. मुलाने मदत केंद्राला फोन लावला आणि पाऊण तास संगीत ऐकले. तिकडून सांगितले की मोडेम बंद करून चालू करा. आप्पांनी मायक्रोवेव्हवर संशय घेतला, म्हणून दोन दिवस घरात कोणी काही गरम केले नाही. संगणक वायफायवरून काढून तारेने थेट मोडेमला जोडला, ही मात्र शहाणपणाची गोष्ट होती, कारण त्यावरून वायफायचा दोष नाही एवढे नक्की झाले. वेग मोजला तर वर जाणारा आकडा पूर्वी वीस असायचा, तो आता दोनवर होता. शेवटी ठरले की मोडेमच खराब निघाला. तो बिचारा खोक्यात बंद होऊन दुकानात परत गेला आणि त्याच्या जागी तसाच दुसरा आला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. चोर पेटीत बसून सगळे ऐकत होता.

दुसऱ्या मोडेमचा आकडाही दोन. त्या संध्याकाळी जेवायला बसण्याआधी मुलगा आणि सूनबाई या खोलीत येऊन उभे राहिले. दोघांची नजर पेटीवर होती, हे मला झाकणाआडूनही कळले. मोडेम बदलून झाला, तारा तपासल्या, आता न तपासलेली एकच जागा उरली होती. मुलगा हळूच म्हणाला, आप्पांना कसं सांगायचं? आयुष्यात त्यांचा एक जोड कधी चुकला नाही. सूनबाई म्हणाली, नको, कंपनीचा माणूस बोलावू, तो बघेल. मित्रांनो, या घरात भांडणे होत नाहीत. सगळे एकमेकांना फार जपतात. त्या जपण्यानेच घात केला होता.

मंगळवारी कंपनीकडून एक तंत्रज्ञ बाई आली. कमरेला मोजणीचे यंत्र, तोंडात मोजके शब्द. तिने बाहेरच्या भिंतीवर केबल तपासली, मग मोडेमपाशी तपासली आणि आत येऊन मुलाला म्हणाली, "बाहेर सिग्नल ठणठणीत आहे. मोडेमपाशी येईपर्यंत मरतो. मध्ये काय आहे?"

मुलाने पेटी दाखवली. ती गुडघ्यावर बसली, कागद वाचला आणि म्हणाली, मग विचारा की. मुलगा म्हणाला, ते झोपलेत. आप्पा गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होते. बाईने एकदा छताकडे पाहिले, कारण झारीचा आवाज येत होता. मग तिने उगाच वाद घातला नाही. पुढच्या घरी जायची तिला घाई होती. पावतीवर दोन ओळी लिहून ती टेबलावर ठेवली आणि जाता जाता सांगून गेली की तिसरा मोडेम आणलात तरी तोही असाच रडेल.

बुधवारी दुपारी मुलगा दुकानात होता. सूनबाई खुर्चीत बसून उद्याची तयारी करत होती. चित्र तुटले तरी अर्थ तुटू नये म्हणून एकेक खूण सुटी, सावकाश करून बघत होती. कपड्यांची सळसळ ऐकूनच मला कळायचे की हात उठला, थांबला, खाली आला. तेवढ्यात आप्पा खोलीत आले. टेबलाचा खण उघडल्याचा आवाज झाला. नंतर सूनबाई म्हणाली, अय्या, आप्पा, तुम्ही चष्मा लावलात. ते म्हणाले, खुर्ची जरा पुढे घे. त्यांच्या हातात ती पावती होती. तिच्यावर लिहिले होते, 'मधली पेटी उघडून तपासावी लागेल. घरच्यांची इच्छा दिसली नाही.'

पहिला स्क्रू निघाला. पेचकस दोनदा खाचेतून निसटला. सूनबाई पुढे झाली तसे ते म्हणाले, असू दे, काढतो मी. चौथा स्क्रू निघाला आणि माझ्यावर उजेड पडला. आप्पांनी वाकून माझ्याकडे पाहिले. पहिल्यांदाच त्या नव्या चष्म्यातून. साडेतीनच्या रिकाम्या तोंडावर त्यांनी बोट ठेवले, मग केबल लावलेल्या तोंडावर.

"सातावर लावलंय मी," ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, "तुम्हाला माहीत होतं?"

"शंका होती, आप्पा."

"कधीपासून?"

"दुसरा मोडेम आणला तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

सूनबाई म्हणाली, "तुमच्या हातचं काम आहे. कसं बोलणार?"

आप्पा जमिनीवर मांडी घालून बसले. मला वाटले, आता रागावतील. त्यांचा चेहरा पडलेला होता, पण आवाजात राग नव्हता. "अगं, लिफ्टवर चाळीस वर्षं काम केलं. मी जोड केला की दुसरा माणूस येऊन तपासायचा. वर माझी सही, खाली त्याची. त्याशिवाय लिफ्ट चालू करायची नाही. मला त्याचा कधी राग नाही आला. उलट झोप चांगली लागायची." मग ते माझ्याकडे बघत म्हणाले, "घरात मात्र मी कोणाला दुसरी सही करूच दिली नाही."

सूनबाई त्यांच्याशेजारी खाली बसली. म्हणाली, "मग आज मी करते."

आप्पांनी मला निरखून पाहिले. उघडे तोंड पाहिले, स्वयंपाकघराकडे गेलेली मेलेली केबल पाहिली, माझ्या कडेला चढलेला हिरवट गंज नखाने खरवडला. आधी त्यांच्या मनात केबल साडेतीनवर नेण्याचे होते. पण हात थांबला. ते म्हणाले, टीव्ही गेले, आता वाटायचंय कोणाला? कशाला हवाय मधे हा? डब्यातून त्यांनी एक बोटभर सरळ जोडणी काढली, दोन बाजूंना दोन तोंडे असलेली, वाटेत जवळजवळ काहीच न गिळणारी. पान्याने माझ्या तोंडातून एकेक केबल सोडवली. खोटे कशाला बोलू, मला वाईट वाटले. अठरा वर्षे ज्या केबलचा हात धरला होता, ती सुटली. पण त्याच वेळी डोक्यावरचे ओझेही उतरले. आप्पांनी बाहेरची केबल आणि मोडेमची केबल त्या जोडणीला लावली आणि सूनबाईला म्हणाले, आता तू बघ. तिने दोन्ही बाजूंना बोटांनी हलवून पाहिले. एक किंचित ढिली होती. ती तिने पान्याने पाव फेरा घट्ट केली. आप्पा बघत राहिले आणि म्हणाले, बरोबर.

संगणकावर वेग मोजला. वर जाणारा आकडा चढत चढत बावीसवर थांबला. सूनबाईने तो दोनदा मोजला, तिसऱ्यांदा आप्पांना मोजायला लावला. संध्याकाळी मुलगा घरी आला, तेव्हा त्याला आधी वडिलांच्या नाकावरचा चष्मा दिसला आणि मग झाकण नसलेली पेटी. तो नेहमीसारखी मान डोलावणार होता, पण तेवढ्यात आप्पांनीच त्याला सुनावले, बापाचं चुकलं तर बापाला सांगायचं असतं रे, मोडेमला शिक्षा द्यायची नसते. मुलगा हसला, आणि मग हसता हसता त्याने डोळे पुसले. पेटीवरचा जुना कागद आप्पांनी फाडला. नव्यावर तारीख टाकून खाली सही केली आणि सूनबाईकडे पेन दिले.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी उपदेश करायची रीत आहे. मी तो आताच उरकून घेतो, कारण त्यानंतरही सांगण्यासारखे थोडे उरले आहे. घरातली एखादी वस्तू कुरकुर करू लागली की नवी आणायला धावू नका. आधी आठवा, ती कोणत्या दिवसापासून बिघडली आणि त्या दिवशी कोणकोणत्या गोष्टी बदलल्या. केबल जिथून घरात येते तिथपासून निघा आणि एकेक जोड हाताने तपासत मोडेमपर्यंत या. जे तोंड वापरात नाही ते बंद करा. ज्या स्प्लिटरचे काम संपले आहे त्याला मोकळे करा, तो रागावणार नाही. आणि घरातल्या मोठ्यांना जपायचे म्हणून त्यांच्यापासून खरे लपवू नका. आप्पांना सत्य सोसले. ते लपवलेले मात्र त्यांना फार लागले.

आता गुरुवारचे. आप्पांनी मला पुसून सूनबाईच्या टेबलावर, कागद उडू नयेत म्हणून ठेवले होते. अकराला पाच मिनिटे असताना पडदा उजळला. मित्रांनो, इतकी वर्षे सगळे माझ्या पोटातून जात होते, पण मी त्यातले काही बघितले नव्हते. त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. पडद्यावर एक किरकोळ बांध्याचा माणूस बसला होता. टोपी मांडीवर, उजवा हात टोपीवर. त्याचा चेहरा घट्ट मिटलेला होता. शेजारी डॉक्टर होते आणि मागे ती नर्स. दाराबाहेर आप्पा उभे होते. आत यायचे नाही हा नियम त्यांना ठाऊक होता, पण ते तिथून हलतही नव्हते.

सूनबाईचे हात उठले. मी पोटात वेढे घालणारे हात पाहिले होते, पाना फिरवणारे हात पाहिले होते, पण असे हात पाहिले नव्हते. तिने सांगितले की मागच्या वेळी चित्र अडकले, चूक आमच्या घरातली होती, आणि डॉक्टर जे म्हणाले ते मी आता पहिल्यापासून सांगते. तीन आठवडे हात हलवायचा नाही. त्यानंतर रोज थोडा थोडा. मग शिवण. मग बोलणे, पूर्वीसारखे. एकही खूण तुटली नाही. शिंपी तिच्या बोटांकडे एकटक बघत होता. त्याने डाव्या हाताने काहीतरी विचारले आणि सूनबाई डॉक्टरांना म्हणाली, "ते विचारताहेत, तीन आठवडे मी डाव्या हातानं बोललो तर चालेल का?"

डॉक्टर म्हणाले, खुशाल बोला, पाहिजे तेवढं बोला. सूनबाईने ते सांगितले. शिंपी थोडा वेळ तसाच बसून राहिला. पडद्यावर काहीच हलेना, तेव्हा माझा जीव वरखाली झाला. मला वाटले, पुन्हा थिजले. पण चित्र थिजले नव्हते, शिंपी विचार करत होता. मग त्याने डावी मूठ वर उचलली आणि मान डोलवावी तशी ती दोनदा खाली झुकवली.

सूनबाई डॉक्टरांकडे वळली.

"ते हो म्हणताहेत," ती म्हणाली.